भावाने मृत्युपत्र दाखवलं नाही, तरी बहिणींनी ते कसं बघितलं : एक प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाचं आहे. मी दिवाणी कोर्टात वकिली करतो आणि यात बहिणींच्या बाजूने होतो, घरच्यांना विचारूनच लिहितोय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. लिहायचं कारण म्हणजे हाच प्रश्न घेऊन लोक सारखे येतात, वडील गेले, मृत्युपत्र आहे म्हणतात, पण आम्हाला बघूच देत नाहीत, आमचा काही हक्क आहे की नाही.

वडील, घरात सगळे अण्णा म्हणायचे, निवृत्त शिक्षक, २०२२ च्या पावसाळ्यात वयाच्या ऐंशीव्या वर्षी गेले. मागे आई, थोरली ताई, मधला भाऊ आणि धाकटी बहीण. मालमत्ता म्हणजे गावातलं घर, १९९४ साली अण्णांनी पगारातून घेतलेली जमीन, आजोबांकडून आलेली जमीन आणि बँकेतल्या ठेवी. तेरावं झालं आणि पाहुणे गेल्यावर भावाने ताईंना सांगितलं की "ताई, अण्णांनी सगळं माझ्या नावावर लिहून ठेवलंय, कागद माझ्याकडे आहे, तू आता यात डोकं घालू नकोस." ताई म्हणाल्या ठीक आहे, पण एकदा वाचायला तरी दे. तर नाही. आईने मागितलं तरी नाही. वर बँकेसाठी म्हणून एक संमतीपत्र टाइप करून आणलं आणि दोघी बहिणींना म्हणाला सही करून टाका. ताईंनी सही केली नाही हे फार बरं झालं. धाकटी मात्र करायला निघाली होती, तिचं म्हणणं एकच की दादाशी वाकडं घेतलं तर माहेर तुटेल.

आता मूळ प्रश्न. भावाने दाखवलंच पाहिजे होतं का? सरळ सांगायचं तर मृत्युपत्र ज्याच्या हातात आहे त्याने ते नातेवाईकांनी मागितल्याबरोबर दाखवलंच पाहिजे असं कलम आपल्या कायद्यात नाही. सिनेमात वकील सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून मृत्युपत्र वाचून दाखवतो, तसं वाचन करायचं बंधनही आपल्याकडे कुणावर नाही. आणि माणूस जिवंत असताना तर बायकोमुलांनासुद्धा बघायचा हक्क नाही, तो त्याचा खासगी कागद आहे, उद्या बदलेल, फाडेल, त्याची मर्जी.

पण मृत्युपत्र कपाटात ठेवून कुणाच्या नावावर काही होत नाही. ते वापरायचं म्हटलं की कुठेतरी पुढे करावंच लागतं, तलाठ्याकडे, बँकेत, सोसायटीत नाहीतर कोर्टात, आणि जिथे ते पुढे केलं जातं तिथे आपल्याला बघायचा रस्ता असतो. शिवाय ते रजिस्टर केलेलं असेल तर सरकारी दप्तरात त्याची नक्कल आधीच पडलेली असते. म्हणून मी ताईंना पहिल्याच भेटीत सांगितलं की भावाच्या दारात जाऊन भांडू नका, कागद कुठून कुठे जाणार आहे ते बघू.

आधी नोटीस पाठवली, साधी, तुमच्याकडे मृत्युपत्र असल्याचं तुम्ही सांगता तर त्याची प्रत द्या. उत्तर आलं की "मृत्युपत्र आमच्या अशिलाच्या ताब्यात असून योग्य वेळी योग्य ठिकाणी हजर करण्यात येईल." ताई वैतागल्या, म्हणाल्या काय उपयोग झाला. उपयोग मोठा होता. कागद त्याच्या ताब्यात आहे हे त्याच्याच वकिलाने लेखी दिलं. भारतीय वारसा कायदा १९२५ चं कलम २६७ आहे, त्यात जिल्हा न्यायाधीश कुणालाही त्याच्या ताब्यातला मृत्युपत्राचा कागद कोर्टात आणून हजर करायचा हुकूम देऊ शकतात, फक्त तो त्याच्या ताब्यात आहे असं दाखवता आलं पाहिजे. आणि ताबा दाखवता आला नाही पण त्याला माहिती असावी असं वाटायला कारण असलं तर कोर्ट त्याला बोलावून प्रश्न विचारू शकतं, आणि त्याला खरी उत्तरं द्यावी लागतात. हे कलम लोकांना तर नाहीच, बऱ्याच वकिलांनाही पटकन आठवत नाही. आम्ही अर्ज तयार करून ठेवला, पण तो दाखल करायची वेळ यायच्या आधीच वेगळं घडलं.

आईंना अण्णांच्या पेन्शनच्या पासबुकाच्या प्लास्टिक कव्हरमध्ये एक घडी घातलेली पावती सापडली. २०१४ ची, पुण्यातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयाची, त्यावर दस्त क्रमांक आणि दस्ताच्या प्रकारात मृत्युपत्र. मग आईंना आठवलं की त्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनला अण्णा पुण्यात पुतण्याकडे राहिले होते. आम्ही तोवर तालुक्याच्या ऑफिसात शोध घेऊन बसलो होतो, काहीच सापडलं नव्हतं, आणि सापडणारही नव्हतं. लोक समजतात की जमीन जिथे तिथेच मृत्युपत्र रजिस्टर होतं. खरेदीखताला ते लागू आहे, मृत्युपत्राला नाही, ते दुसऱ्या ऑफिसातही नोंदवता येतं. त्यामुळे शोध घ्यायचा असेल तर माणूस कुठे कुठे राहिला होता, नोकरी कुठे होती, आजारपणात कुणाकडे होता, साक्षीदार म्हणून कुणाला नेलं असेल, हे सगळं आठवून बसा.

नोंदणी कायदा १९०८, कलम ५७, पोटकलम २. रजिस्टर मृत्युपत्राची नोंद बुक नंबर ३ मध्ये असते. करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, आणि तो गेल्यानंतर जो कुणी अर्ज करेल त्याला. जो कुणी. मुलगी, सून, चुलतभाऊ, शेजारी, वारस असायची सुद्धा अट नाही. धर्माचाही संबंध नाही, वाटण्या कुठल्याही कायद्याने होवोत, नोंदणी कायदा सगळ्यांना एकच. फक्त एक आहे, खरेदीखतासारखं पुस्तक उघडून आपण स्वतः शोधू शकत नाही, बुक ३ चा शोध तिथला अधिकारीच घेतो, आपण अर्ज करायचा, फी भरायची, मृत्यूचा दाखला जोडायचा. दस्त क्रमांक असेल तर काम सोपं, नसेल तर नाव आणि अंदाजे वर्षं द्यायची.

ताई पुण्याला गेल्या तर खिडकीवर सांगितलं की वारस दाखला आणा आणि सगळ्या वारसांची संमती आणा. म्हणजे ज्या भावाने कागद दाखवला नाही त्याचीच संमती! ताईंनी भांडण केलं नाही, मी दिलेला कलमाचा मराठी उतारा अर्जालाच लावला होता, त्या थेट साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या की अर्ज नाकारायचा असेल तर तसं लेखी द्या. साहेबांनी कलम वाचलं आणि फी भरून घेतली. थोड्या दिवसांनी सही शिक्क्याची नक्कल हातात आली. कलम ५७ प्रमाणे ही नक्कल मूळ दस्तात काय लिहिलंय ते दाखवायला पुरावा म्हणून चालते. मात्र मृत्युपत्र खरं आहे, नीट केलेलं आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागतं, त्यासाठी साक्षीदार लागतो.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हा रस्ता फार कमी लोकांना माहीत असतो. काही लोक मृत्युपत्र रजिस्टर न करता बंद पाकिटात सील करून जिल्हा निबंधकाकडे ठेवतात, कलम ४२. ते गेल्यावर कुणीही अर्ज करू शकतं, आणि मृत्यूची खात्री पटल्यावर निबंधक अर्जदाराच्या समोर पाकीट उघडतो, अर्जदाराच्या खर्चाने त्याची नक्कल बुक ३ मध्ये उतरवतो आणि मूळ कागद परत ठेवून देतो. तेव्हा रजिस्टरमध्ये काही सापडलं नाही तर हेही विचारून बघा.

तर २०१४ च्या मृत्युपत्रात काय होतं. घर आणि १९९४ ची जमीन मुलाला. आईला त्या घरात तहहयात राहण्याचा हक्क. ठेवींबद्दल काही नाही. आजोबांच्या जमिनीबद्दल एक शब्द नाही. ताई नक्कल वाचून बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "घर त्यालाच जायला पाहिजे होतं, त्यानेच केलंय अण्णांचं सगळं. हे त्याने दाखवलं असतं तर मी त्याच दिवशी सही दिली असती." धाकटीचंही तेच. मग भाऊ "सगळं" म्हणत होता ते कुठून आलं?

ते कळलं तलाठ्याच्या नोटिशीतून. भावाने दोन्ही जमिनींच्या सातबाऱ्यावर नाव लावायला अर्ज दिला होता, मृत्युपत्राच्या आधारे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, कलम १५०, असा फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला की चावडीवर लावतात आणि ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना लेखी कळवतात, हरकतीला पंधरा दिवस. ही नोटीस नमुना ९ ची असते, साधा छापील कागद, बहिणी सासरी असतात, नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते, तिथे भाऊच घेतो, आणि नोंद मंजूर होऊन जाते. किती घरांत हे झालंय याची गणती नाही. आमच्याकडे आईंनी नोटीस स्वतः घेतली आणि ताईंना फोन केला. मुदतीत लेखी हरकत दिली, पोच घेतली. हरकत आली की नोंद तक्रारी होते, सुनावणी लागते, आणि कागद गुपचूप पुढे सरकत नाही.

आणि ज्या अर्जाला मृत्युपत्र जोडलंय तो अर्ज आता सरकारी दप्तरातला झाला. त्याच्या प्रमाणित प्रती मागितल्या, मिळाल्या. तर त्यात २०१४ चं मृत्युपत्र नव्हतंच. दुसरंच होतं, २०२१ सालचं, रजिस्टर न केलेलं, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं, घर, दोन्ही जमिनी, ठेवी, सगळं मुलाला. दोन साक्षीदार, दोघेही भावाचे मित्र. आईच्या राहण्याबद्दल एक ओळ नाही. २०१४ च्या मृत्युपत्राचा उल्लेखही नाही.

इथे लोक एक चूक करतात, म्हणतात रजिस्टर केलेलं पक्कं, साध्या कागदावरचं कच्चं. तसं नाहीये. मृत्युपत्र रजिस्टर करणं ऐच्छिक आहे, स्टॅम्प तर लागतच नाही, आणि शेवटचं जे असेल ते चालतं, मग ते वहीच्या पानावर का असेना. वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन, एवढं पाहिजे. त्यामुळे २०२१ चा कागद खरा ठरला असता तर २०१४ चा तेवढ्यापुरता संपला असता. म्हणून तो नीट बघणं, आणि झेरॉक्स नाही तर मूळ कागद बघणं, आम्हाला भाग होतं.

आई आणि दोघी बहिणींनी वाटणीचा दावा लावला. भावाने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, २०२१ च्या मृत्युपत्राचा आधार घेतला, आणि जो पक्ष एखाद्या कागदावर विसंबतो त्याला तो समोरच्याला बघू द्यावाच लागतो, दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ११ खाली त्याची सोय आहे. आम्ही अर्ज दिला, कोर्टाने हुकूम केला, मूळ कागद फाइलला आला. कलम २६७ चा अर्ज त्यामुळे लागलाच नाही. दावा नसता, भावाने नुसता कागद दाबून ठेवला असता, तर तोच लागला असता.

कोर्टात क्लार्कच्या टेबलावर कागद बघितला. पुढची बाजू झेरॉक्ससारखीच. मागे मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, स्टॅम्प कुणाच्या नावाने घेतला तिथे अण्णांचं नाव, आणि "हस्ते" या रकान्यात भावाचं नाव आणि सही. फेरफाराच्या अर्जाला फक्त पुढची बाजू जोडलेली होती, त्यामुळे हे तोवर कुणाला दिसलंच नव्हतं. ताई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी ती सही लगेच ओळखली.

याने कागद खोटा ठरत नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. म्हाताऱ्या बापासाठी मुलाने स्टॅम्प आणून देणं यात गुन्हा काही नाही. पण १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय की मृत्युपत्राभोवती संशय घ्यावा अशी परिस्थिती असेल तर ती दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, आणि ज्याला मोठा फायदा होतो त्यानेच ते तयार करण्यात पुढाकार घेतला असेल तर ती अशीच एक परिस्थिती धरतात. इथे तर २०२१ च्या कागदात बायकोला छप्परसुद्धा ठेवलेलं नाही, आधीचं रजिस्टर मृत्युपत्र का बदललं ते लिहिलेलं नाही, आणि दोन साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात उभं राहून उलटतपासणी द्यावी लागणार. नुसत्या झेरॉक्सवर विसंबलो असतो तर यातला निम्मा मुद्दा हातात आलाच नसता.

आजोबांच्या जमिनीचं तर आणखी वेगळं होतं. आजोबा १९५२ साली वारले, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा यायच्या आधी, त्यामुळे ती खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित. त्यातला फक्त स्वतःचा हिस्सा अण्णा मृत्युपत्राने देऊ शकत होते, सबंध जमीन नाही, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुली मुलाइतक्याच जन्मतः हिस्सेदार, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात ते पक्कं केलं. म्हणजे २०२१ चा कागद शंभर टक्के खरा असता तरी त्या जमिनीत बहिणींचा हिस्सा होताच. भावाला हे माहीतच नव्हतं असं माझं प्रामाणिक मत आहे, त्याला कुणीतरी सांगितलं होतं की कागदावर लिहिलं की झालं. ठेवींचंही तसंच, नॉमिनी भाऊ होता म्हणून पैसे त्याचे झाले असं तो धरून चालला होता. नॉमिनीला बँक पैसे देते, पण ते तो वारसांसाठी सांभाळतो, मालक होत नाही.

फौजदारी तक्रार करा असं ताईंच्या घरातून खूप सांगत होते. मृत्युपत्र लबाडीने नष्ट करणं किंवा दडवणं हा गंभीर गुन्हा आहे, तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ४७७ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३४३, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. पण कागद दाखवायला नाही म्हणणं आणि लबाडीने दडवणं यात फरक आहे, इथे तर त्याने तो स्वतःच तलाठ्याकडे दिलेला. मी नको म्हणालो. पोलीस दारात आले असते तर तडजोडीचा रस्ता कायमचा बंद झाला असता.

दूरच्या नातेवाईकांचं काय, तेही या प्रकरणात निघालं, कारण एका चुलतभावाला वाटलं की आपल्यालाही काहीतरी लिहिलं असेल. त्याला रजिस्टर मृत्युपत्राची नक्कल मिळाली, ती कुणालाही मिळते. पण कोर्टात उभं राहून मृत्युपत्राला विरोध करायचा तर मृत्युपत्र नसतं तर आपल्याला काही मिळालं असतं, एवढं तरी दाखवावं लागतं, आणि बायकोमुलं हयात असताना पुतण्याला ते दाखवता येत नाही. बघायचा हक्क आणि लढायचा हक्क हे वेगळे आहेत. आणि भावाने प्रोबेटला, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घ्यायला, अर्ज केला असता तर आई आणि बहिणींना कोर्टाकडून सायटेशन, म्हणजे येऊन कामकाज बघा अशी सूचना जायला हवी होती, मूळ मृत्युपत्र अर्जासोबत जोडावं लागलं असतं, आणि ज्यांना कळवायला हवं त्यांना न कळवता घेतलेलं प्रोबेट वारसा कायद्याच्या कलम २६३ खाली रद्दही होऊ शकतं.

शेवट लोकअदालतीत झाला. मूळ कागदाची मागची बाजू बघितल्यावर भावाच्या वकिलांनीच त्याला समजावलं असावं, दोन तारखांनी ते स्वतः बोलायला आले. २०२१ च्या कागदावरचा दावा भावाने सोडला. घर आणि १९९४ ची जमीन २०१४ च्या मृत्युपत्राप्रमाणे त्याला, आईचा तहहयात राहण्याचा हक्क कायम. ठेवी चौघांत सारख्या. आजोबांच्या जमिनीत आधी अण्णा, आई आणि तीन मुलं असे पाच हिस्से धरले, मग अण्णांचा पाचवा हिस्सा उरलेल्या चौघांत, म्हणजे शेवटी प्रत्येकाला चौथा हिस्सा. धाकटीने तिथेच भावाला विचारलं की दादा, पहिलं मृत्युपत्र तुला माहीत होतं का. तो नाही म्हणाला. आईंनी पुढे विचारू दिलं नाही.

लोकअदालतीचा निवाडा तलाठ्याकडे दिला, हरकतीची नोंद निकाली निघाली, आजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर चौघांची नावं लागली. मोजणीची फी भावानेच भरलीय, विहिरीकडचा तुकडा कुणाच्या वाट्याला येतो ते मोजणीच्या दिवशी चौघांसमोर ठरायचंय.